प्रकाशाचा टोला की नुसता चटका?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

तीव्र प्रकाशस्पंदांनी क्वांटम पदार्थांचे (ज्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांची आपसात ओढाताण चालते अशांचे) गुणधर्म कसे पालटतात, यावर गेल्या अंकात लेख होता. काही पदार्थांवर लेसरचा फक्त ५०-१०० फेम्टोसेकंदांचा झोत पडला की वीज अडवणारा स्फटिक ती वाहू देतो, चुंबकत्व उलटतं, क्वचित अतिसंवाहकतेची, म्हणजे वीज बिनरोध वाहण्याची, चिन्हंही दिसतात, असा त्याचा गाभा. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे पुन्हा दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. लेखावर पत्रं बरीच आली, आणि त्यातली बहुतेक ठाणे-नवी मुंबईतूनच. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. पदार्थ बदलला तो प्रकाशाच्या टोल्याने की नुसता तापल्यामुळे, ही शंका जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे होतीच.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये १५०० वॅटचं फायबर लेसर कटिंग मशीन आहे आणि २० वॅटचं मार्किंग मशीन आहे. तुमच्या लेखातला प्रयोगशाळेतला लेसर सरासरी १ वॅटचा. मग तो 'तीव्र' कसा? आणि आमच्या मशीनवर असे प्रयोग होतील का?
— एक लघुउद्योजक, रबाळे एमआयडीसी

उत्तर : तुमच्या मार्किंग मशीनचाच हिशेब घेऊ. २० वॅट सरासरी आणि २० किलोहर्ट्झ (सेकंदाला २० हजार स्पंद), म्हणजे एका स्पंदात १ मिलिज्यूल. प्रयोगशाळेतल्या लेसरची सरासरी १ वॅट, वारंवारता १ किलोहर्ट्झ. तिथेही स्पंदामागे १ मिलिज्यूलच. फरक आहे तो लांबीत. तुमचा स्पंद साधारण १०० नॅनोसेकंदांचा, त्यामुळे त्याची शिखरशक्ती १० किलोवॅट. तिकडचा ५० फेम्टोसेकंदांचा, शिखरशक्ती २० अब्ज वॅट. ऊर्जा तेवढीच, पण २० लाख पट आखडलेल्या वेळात ओतलेली.

हा १ मिलिज्यूल सगळा नमुन्यावर टाकत नाहीत, नाहीतर नमुन्याला भोकच पडेल. बराचसा भाग दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश तयार करण्यात खर्च होतो. नमुन्यापर्यंत पोचतो तो बहुधा एखादा मायक्रोज्यूल. तो १०० मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यावर पडला तर तीव्रता भरते वर्ग सेंटिमीटरला सुमारे २५० अब्ज वॅट, आणि प्रकाशाचं विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला १ कोटी व्होल्टच्या पुढे जातं. घन पदार्थात शेजारच्या अणूंमध्ये जे क्षेत्र असतं ते सेंटिमीटरला १० कोटी व्होल्टच्या घरातलं. म्हणजे प्रकाश आता पदार्थाच्या आतल्या बंधांशी बरोबरीच्या भाषेत बोलू लागतो.

तुमच्या मशीनवर हे होणार नाही, आणि त्याचं कारण शक्ती कमी पडते हे नाही. इलेक्ट्रॉनांनी शोषलेली ऊर्जा अणूंच्या जाळीत उतरायला साधारण एक पिकोसेकंद, म्हणजे हजार फेम्टोसेकंद, लागतो. १०० नॅनोसेकंदांचा स्पंद त्याच्या लाख पट लांब. तो संपेपर्यंत उष्णता पोलादात मायक्रॉनभर आत पोचलेली असते. मार्किंगला नेमकं तेच हवं असतं: तापवा, वितळवा, उडवा. क्वांटम पदार्थाच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन किंवा एखादं ठरावीक कंपन हलवायचं असतं, आणि बाकीच्या स्फटिकाला त्याचा पत्ता लागायच्या आत मोजमाप उरकायचं असतं.

एवढा आखूड स्पंद थेट वाढवत नेला तर अॅम्प्लिफायरचा स्फटिकच फुटेल. यावरची युक्ती डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली काढली: स्पंद आधी हजारो पट ताणायचा, मग वाढवायचा, आणि शेवटी बारीक रेघा कोरलेल्या जाळीपट्ट्यांची (ग्रेटिंग) जोडी वापरून पुन्हा आखडायचा. २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी विभागून मिळालं.

प्रश्न : प्रकाश पडला की पदार्थ तापणारच. मग 'प्रकाशाने गुणधर्म बदलले' आणि 'तापवून बदलले' यात फरक काय? एखादं असं उदाहरण द्याल का, जिथे तापवून तीच गोष्ट होतच नाही?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : प्रश्न नेमका आहे. आधी ज्या पदार्थात दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात तो पाहू. व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंश सेल्सियसच्या आसपास निरोधकाचा धातू होतो. चांगल्या स्फटिकात रोध काही हजार ते लाखभर पटीने उतरतो. हे १९५९ पासून माहीत आहे. तो लेसरनेही पालटतो, पण ६८ अंश खोलीच्या तापमानापासून फार दूर नाही. त्यामुळे 'हा प्रकाशाचा परिणाम' असं म्हणणाऱ्याला आधी उष्णतेचा हिशेब द्यावा लागतो.

तुम्हाला हवं ते उदाहरण टँटलम डायसल्फाइडच्या '१-टी' या प्रकारात आहे. यात टँटलमच्या अणूंचे पातळ थर असतात. सुमारे १८० केल्विनच्या खाली दर १३ अणूंचा एक गट बनतो: मधला अणू जागेवर राहतो, भोवतालचे १२ त्याच्याकडे किंचित सरकतात आणि सहा टोकांची चांदणी तयार होते. अशा चांदण्यांची शिस्तीत मांडणी झाली की पदार्थ वीज अडवतो. अशा थंड स्फटिकावर ३५ फेम्टोसेकंदांचा एकच स्पंद टाकला की रोध कोसळतो आणि तसाच राहतो, हे स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना इथल्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. स्पंद संपला, उष्णता निघून गेली, तरी पदार्थ जुन्या अवस्थेत परतत नाही. थंड ठेवला तर ही अवस्था टिकते. तापवून किंवा लांब स्पंदांची माळ सोडून ती पुसता येते.

आता तोच स्फटिक हळूहळू तापवा. तो आपल्या ओळखीच्या अवस्थांमधून जातो, या लपलेल्या अवस्थेत कधीच शिरत नाही. स्पंद ताणून काही पिकोसेकंदांहून लांब केला तरीही पालट होत नाही. म्हणजे इथे प्रश्न किती ऊर्जा दिली याचा नसून किती चटकन दिली याचा आहे. आमच्या मते या क्षेत्रातला सगळ्यात स्वच्छ पुरावा हाच आहे. अतिसंवाहकतेच्या बातम्या जास्त गाजतात, ते वेगळं.

अशा पदार्थांत हे शक्य होतं, कारण त्यांच्यात इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना दूर लोटणं, जाळीचं मुडपणं, चुंबकीय रचना हे सगळे एकाच वेळी ओढाताण करत असतात आणि कुणाचंच पारडं फारसं जड नसतं. निरनिराळ्या अवस्थांच्या ऊर्जेत फरक मोजके मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. तांब्यात किंवा मिठात अशी रस्सीखेच नाही, म्हणून तिथे लेसर फक्त तापवतो.

टोला मारायच्या पद्धतीही एकच नाहीत. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश, म्हणजे १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन, इलेक्ट्रॉनांवर बसतो आणि बराच कचरा म्हणून उष्णता टाकतो. मध्य-अवरक्त प्रकाश थेट एखाद्या कंपनावर बसवता येतो: २००७ मध्ये मँगनीजच्या एका ऑक्साइडमधलं मँगनीज-ऑक्सिजन बंधाचं ताणलं जाणं १७ मायक्रॉनच्या प्रकाशाने हलवलं आणि रोध पडला. तिसऱ्या पद्धतीत काही तापवायचंही नाही आणि हलवायचंही नाही. प्रकाशाच्या नियमित आंदोलनामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्याच तात्पुरत्या बदलतात. ग्राफीनवर (कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा थर) वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश टाकला तर चुंबकाशिवाय हॉल परिणाम, म्हणजे प्रवाहाच्या काटकोनात व्होल्टेज, दिसेल असं भाकीत ओका आणि आओकी यांनी २००९ मध्ये केलं होतं. हॅम्बुर्गच्या गटाने २०२० मध्ये ते मोजलं.

प्रश्न : आमच्याकडे १ किलोहर्ट्झ, ८०० नॅनोमीटर, ५० फेम्टोसेकंदांच्या लेसरवर पंप-प्रोब मांडणी चालू करायची आहे. टाइम-झीरो सापडत नाही. एकदा सापडला तर सकाळचा संध्याकाळी राहत नाही. आणि परावर्तनात जो बदल दिसतो तो खरा की नुसत्या उष्णतेचा, हे मार्गदर्शकांना कसं पटवून द्यायचं?
— संशोधक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. एकेक घेऊ. ज्यांना मांडणी माहीत नाही त्यांच्यासाठी: लेसरचा झोत दुभागतात. जोरकस भाग, पंप, नमुन्याला धक्का देतो. फिका भाग, प्रोब, थोड्या वेळाने येऊन काय झालं ते पाहतो. मधला वेळ आरसे सरकवून ठरवतात. आरशांची जोडी १५ मायक्रॉन सरकली की प्रकाशाची वाट ३० मायक्रॉनने वाढते, म्हणजे १०० फेम्टोसेकंद.

टाइम-झीरो, म्हणजे पंप आणि प्रोब नमुन्यावर एकाच क्षणी पोचतात ती आरशांची जागा, शोधताना महागड्या उपकरणाकडे धावण्याआधी मोजपट्टी घ्या. दुभाजकापासून नमुन्यापर्यंत दोन्ही वाटा आरशाआरशांमधून नीट मोजल्या तर ५ मिलिमीटरपर्यंत जुळवता येतात. ते १७ पिकोसेकंद झाले. साध्या फोटोडायोड-ऑसिलोस्कोपवर एवढं नेमकं दिसत नाही. त्यानंतर नमुन्याच्या जागी ५० किंवा १०० मायक्रॉनचं पिनहोल लावून दोन्ही झोत त्यातून जातात का पाहा. मग पिनहोल काढून तिथेच १०० ते २०० मायक्रॉन जाडीचा बीबीओ स्फटिक (दोन फोटॉन जोडून निळा प्रकाश देणारा) ठेवा आणि आरशांची स्टेज हळूहळू सरकवा. प्रत्येक झोत आपापला निळा ठिपका देईलच, त्याला भुलू नका. दोन्ही झोतांच्या बरोबर मधोमध तिसरा निळा ठिपका उमटला की वेळ जुळली. पंप अडवला की तो गेला पाहिजे, प्रोब अडवला तरी गेला पाहिजे.

इतकं करूनही ठिपका मिळत नसेल तर गॅलियम आर्सेनाइडचा तुकडा नमुन्याच्या जागी लावा. त्याच्या परावर्तनात पंपानंतर जी पायरी येते ती शेकडो पिकोसेकंद टिकते. १ पिकोसेकंदाच्या ढोबळ पावलांनी चाललात तरी आपण शून्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे लगेच कळतं. बीबीओचा ठिपका मात्र शंभर-दोनशे फेम्टोसेकंदांपुरताच असतो, पावलं मोठी पडली तर तो हुकतो.

संध्याकाळी शून्य सरकतो, त्याला कारण बहुतेक वेळा एसी असतो. एक मीटर अॅल्युमिनियम एक अंशाने तापलं की २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ७७ फेम्टोसेकंद, तुमच्या स्पंदाहून जास्त. पोलादी टेबलावर हे निम्म्याच्या आसपास राहतं. दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या आणि शेजारून जाणाऱ्या ठेवल्या तर दोन्ही बरोबरीने वाढतात आणि फरक कटतो. पंप टेबलाच्या एका टोकाला नि प्रोब दुसऱ्या टोकाला अशी रचना टाळा. एसी रात्री बंद करू नका. त्याचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. झोतांच्या वाटांवर पुठ्ठ्याची का होईना, झाकणं घाला. डिले स्टेजही तपासा: स्टेजच्या दोन्ही टोकांना नमुन्याच्या जागी ठिपका कॅमेऱ्यावर पाहा. दीडशे मिलिमीटरच्या प्रवासात तो २० मायक्रॉन भटकत असेल तर तुम्हाला एक सुंदर संथ घसरण दिसेल, आणि ती नमुन्यातली नसेल.

आणखी काही खाचखळगे. पंपाचा ठिपका प्रोबच्या किमान दुप्पट-तिप्पट रुंद ठेवा, नाहीतर प्रोब एकाच वेळी कमी-जास्त धक्का बसलेले भाग मिसळून वाचतो. प्रोबची ऊर्जा पंपाच्या विसाव्या हिश्श्याहून कमी असू द्या. दोघांचं ध्रुवण काटकोनात ठेवून डायोडसमोर पोलरायझर लावला की विखुरलेला पंप बराच गळतो. चॉपर (पंप अडवणारी फिरती चकती) ५०० हर्ट्झवर लेसरशीच बांधा, म्हणजे एक स्पंद जातो, एक अडतो. काचेचा हिशेब तर हटकून विसरला जातो: १ सेंटिमीटर बीके-७ काचेतून गेलेला ५० फेम्टोसेकंदांचा स्पंद ५६ चा होतो, ते चालतं. ३० चा होतो ५१. पुढे १० फेम्टोसेकंदांवर गेलात तर तेवढीच काच त्याचे १२४ करते आणि आखूड स्पंदासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

आता उष्णता. कागदावर सुरुवात करा. वर्ग सेंटिमीटरला १ मिलिज्यूल टाकलं, निम्मं परावर्तित झालं, उरलेलं ३० नॅनोमीटरच्या थरात मुरलं, तर घन सेंटिमीटरला सुमारे १६५ ज्यूल. खोलीच्या तापमानाला बहुतेक ऑक्साइडांची उष्णताधारकता घन सेंटिमीटरला २.५ ज्यूल प्रति केल्विनच्या आसपास असते, म्हणजे तापमान ६५ अंशांनी वर. नमुना १० केल्विनवर असेल तर ही सरळ भागाकाराची रीत चालत नाही, कारण तिथे उष्णताधारकता फारच कमी असते आणि तापमान चढताना वाढत जाते. वक्राखालचं क्षेत्रफळ काढून शेवटचं तापमान शोधावं लागतं.

याच हिशेबात दोन चुका नेहमी शिरतात. पहिली गाउसियन (मध्ये प्रखर, कडेला फिका होत जाणाऱ्या) ठिपक्याची: १ मायक्रोज्यूल, त्रिज्या ५० मायक्रॉन असेल तर सरासरी येते १२.७ मिलिज्यूल प्रति वर्ग सेंटिमीटर, पण मध्यभागी त्याच्या दुप्पट, २५. दुसरी म्हणजे कॅमेऱ्यावर मोजलेली निम्म्या उंचीची रुंदी हाच व्यास धरणं. गाउसियन त्रिज्या काढायला त्या रुंदीला १.१८ ने भागावं लागतं. पंप ४५ अंशांत येत असेल तर ठिपका १.४ पट पसरतो, तेही धरा.

मग प्रयोगातल्या कसोट्या. स्पंदाची ऊर्जा तीच ठेवून वारंवारता निम्मी करा. संकेत बदलला तर आधीच्या स्पंदांची उष्णता साचते आहे. तवा गार व्हायच्या आत पुढचं थालीपीठ पडतंय. पंप येण्याच्या आधीच्या वेळेतही परावर्तन बदललेलं दिसत असेल तर दुखणं तेच. म्हणूनच १ मेगाहर्ट्झचे लेसर संकेताला छान वाटले तरी अशा नमुन्यांना मानवत नाहीत: १ मायक्रोज्यूलला १ मेगाहर्ट्झ म्हणजे नमुन्यावर सरळ १ वॅट.

त्यानंतर स्पंद ५० फेम्टोसेकंदांवरून १ पिकोसेकंदापर्यंत ताणा, ऊर्जा तेवढीच. उष्णतेला याचं सोयरसुतक नसतं. खरा जलद परिणाम मंदावतो. पंपाची तरंगलांबी बदलता येत असेल तर शोषलेली ऊर्जा सारखी ठेवून कंपनाच्या रेषेवरून पलीकडे जा: परिणाम रेषेवरच उसळी घेतो की सगळीकडे सारखा? शेवटची कसोटी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वेळा केली जाते. नमुना लेसरशिवाय सावकाश तापवून वेगवेगळ्या तापमानांना त्याचा परावर्तन-वर्णपट घ्या. पंपानंतरचा वर्णपट यापैकी एखाद्यावर चपखल बसला तर मार्गदर्शकांना काही पटवायचं राहतच नाही; ती उष्णता आहे.

नवी मुंबईच्या हवेबद्दल दोन शब्द. टेराहर्ट्झ (अवरक्त आणि सूक्ष्मलहरींच्या मधला) प्रकाश वापरणार असाल तर बाष्पाच्या रेषा ०.५६, ०.७५, १.१० आणि १.१६ टेराहर्ट्झला बसलेल्या आहेत. पावसाळ्यात तर नमुन्याआधी हवेचाच वर्णपट मिळतो. कोरड्या नायट्रोजनने खोकं भरून सापेक्ष आर्द्रता ५ टक्क्यांखाली आणा. मध्य-अवरक्तात ६ मायक्रॉनच्या आसपास पुन्हा बाष्प आणि १५ मायक्रॉनला कार्बन डायऑक्साइड आडवा येतो, म्हणजे झोताशेजारी वाकून श्वास सोडणंही संकेतात दिसतं. क्रायोस्टॅटच्या (नमुना थंड ठेवणाऱ्या निर्वात पात्राच्या) खिडक्या तरंगलांबीप्रमाणे निवडा: नीलमणी ५ मायक्रॉनच्या पुढे फारसा उपयोगाचा नाही, झिंक सेलेनाइड १५ मायक्रॉनलाही चालतं. पोटॅशियम ब्रोमाइडची खिडकी स्वस्त पडते, पण जुलै महिन्यात टेबलावर उघडी राहिली तर धुरकट होते. ती सिलिका जेलच्या डब्यातच ठेवा. थंड करण्यापूर्वी निर्वात पूर्ण करा. उलट क्रम केला तर नमुन्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, परावर्तन दिवसभर सरकत राहतं आणि दोष लेसरवर जातो.

प्रश्न : प्रकाश टाकून खोलीच्या तापमानाला अतिसंवाहकता मिळाली, असं वाचलं. मग महापारेषणच्या वाहिन्यांमधली गळती यातून थांबेल का?
— निवृत्त शिक्षक, वाशी

उत्तर : नाही, आणि नजीकच्या काळात तशी आशाही धरू नका.

झालं ते असं. कार्बनच्या ६० अणूंचे चेंडू आणि पोटॅशियम यांचा एक पदार्थ एरवी २० केल्विनखाली अतिसंवाहक असतो. २०१६ मध्ये हॅम्बुर्गला आंद्रेया काव्हालेरी यांच्या गटाने त्यावर ७ मायक्रॉनच्या आसपासचे स्पंद टाकले, तेव्हा सुमारे १०० केल्विनपर्यंत त्याचं परावर्तन अतिसंवाहकासारखं दिसलं. इट्रियमच्या ताम्र-ऑक्साइडात १५ मायक्रॉनच्या प्रकाशाने खोलीच्या तापमानालाही तशी चिन्हं दिसल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. पण हे सगळं काही पिकोसेकंद. हजार हर्ट्झच्या लेसरने दर वेळी एक पिकोसेकंद अतिसंवाहकता मिळाली तर एकूण एक सेकंद भरायला ३१ वर्षं लागतील. पहिल्या पदार्थात लांब स्पंद वापरून ही अवस्था नॅनोसेकंदांपर्यंत ओढली गेली, ती मोठीच मजल. तरी वाहिनीसाठी ती शून्यच. शिवाय लेसरला लागणारी वीज वाचलेल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त.

ती अतिसंवाहकताच होती का, हाही वाद मिटलेला नाही. एरवी आपण दोन गोष्टी तपासतो: रोध शून्य होणं आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं जाणं. पिकोसेकंदात तारा जोडून रोध मोजणं महाकठीण, म्हणून टेराहर्ट्झच्या परावर्तनावरून वाहकता काढतात. त्यात एक मेख आहे. पंप पृष्ठभागापाशीच जिरतो, प्रोब खोलवर जातो. बदललेला थर किती जाड आणि खोलीनुसार बदल कसा उतरत गेला, हे गृहीत धरावं लागतं. जोरकस पंपाने बदल पृष्ठभागाजवळ संपृक्त होत असेल आणि तुम्ही सरळ घसरण गृहीत धरली, तर साधी वाढलेली वाहकतासुद्धा अतिसंवाहकतेसारखी दिसू शकते, अशी हरकत २०२३ मध्ये घेतली गेली. दुसऱ्या बाजूने २०२४ मध्ये ताम्र-ऑक्साइडातून चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकलं गेल्याचं मोजमाप आलं. आम्हाला हरकतीत दम वाटतो, पण चुंबकीय मोजमाप झटकून टाकण्यासारखं नाही.

प्रश्न : चुंबकीय हार्ड डिस्कवर लेसरने थेट लिहिता येईल का?
— सॉफ्टवेअर अभियंता, घणसोली

उत्तर : लिहिता येतं. १९९६ मध्ये निकेलच्या पापुद्र्याचं चुंबकत्व ६० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाने पिकोसेकंदाच्या आत घटलेलं दिसलं. २००७ मध्ये गॅडोलिनियम-लोह-कोबाल्टच्या मिश्रणात ४० फेम्टोसेकंदांच्या वर्तुळाकार ध्रुवित स्पंदांनी चुंबकत्वाची दिशा उलटवली. गंमत पुढे आहे: २०१२ मध्ये दाखवलं गेलं की ध्रुवणाची गरजच नाही, झटकन दिलेली उष्णता पुरते. लोह लवकर चुंबकत्व गमावतं, गॅडोलिनियम सावकाश, आणि या ताळमेळाच्या अभावात दिशा उलटते. ऐरोलीच्या पत्राला उत्तर देताना जी उष्णता वगळायला सांगितली तीच इथे काम करते.

अडचण जागेची आहे. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनहून फारसा लहान ठिपका देत नाही, तर डिस्कवरचा एक बिट काही दहा नॅनोमीटरचा. उष्णतेच्या साहाय्याने लिहिणाऱ्या डिस्क बाजारात आल्या आहेत. त्यात लेसर धातूच्या सूक्ष्म टोकाला जोडून हा अडसर ओलांडतात, पण दिशा ठरवतं ते चुंबकीय क्षेत्रच.

प्रश्न : लेसर पॉइंटरने यातलं काही करून बघता येईल का?
— बारावीचा विद्यार्थी, कळवा

उत्तर : पदार्थ पालटण्यापुरतं, नाही. ५ मिलिवॅटचा पॉइंटर १० मायक्रॉनवर एकवटला तरी वर्ग सेंटिमीटरला साडेसहा हजार वॅटच होतात. पहिल्या उत्तरातल्या आकड्याच्या सुमारे ४ कोटी पट कमी. पण जुन्या पद्धतीच्या हिरव्या पॉइंटरात तीव्र प्रकाशाचा एक चमत्कार तयारच असतो: ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ निघतो, आणि दुसरा स्फटिक दोन फोटॉन जोडून ५३२ चा हिरवा करतो. स्वस्त पॉइंटरात अवरक्त अडवणारी गाळणी बरेचदा नसते, त्यामुळे हिरव्यासोबत न दिसणारा झोतही बाहेर येतो. डोळ्यांकडे किंवा आरशाकडे रोखू नका. प्रयोगशाळेतला ८०० नॅनोमीटरचाही असाच फसवा: दिसतो मंद लाल, कारण डोळ्याला त्याचा अगदी थोडा अंश जाणवतो. त्या तरंगलांबीला लागू असलेला चष्मा, हातातली अंगठी-घड्याळ काढलेली, आणि झोताच्या उंचीला डोळे नेऊन वाकायचं नाही, हे तिथले पहिल्या दिवसापासूनचे नियम.

प्रश्न : यात पुढे शिकायचं तर जवळपास कुठे?
— पालक, कोपरी

उत्तर : कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि पवईची आयआयटी, दोन्हीकडे अतिजलद लेसरांवर काम चालतं. पवईला कांजूरमार्ग स्टेशन जवळचं. इंदूरला अणुऊर्जा विभागाचं राजा रामण्णा केंद्र लेसरांसाठीच ओळखलं जातं. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यात पदार्थ आणि साधनांचं मुख्य केंद्र आयआयटी दिल्लीकडे आहे, संवेदन आणि मापनाचं पवईकडे. प्रवेशपरीक्षा अशा: बी.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर जॅम, एम.एस्सी.नंतर जेस्ट, गेट किंवा टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. महाविद्यालयात असतानाच आरसे जुळवायची, पायथनमध्ये आकडे हाताळायची आणि निर्वात पंप खोलून जोडायची सवय लागली तर मुलाखतीत त्याचा उपयोग गुणांइतकाच होतो.